आभारप्रदर्शन होईपर्यंत गाडी बंद करू नये

माझं नाव इंदुताई, अन् नागपूरच्या नंदनवनात माझं सायलेन्सरचं दुकान आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तुम्ही विचारसानच की या बाईले गाडीतलं काय समजते. तीस वर्षं झाली, मी गाड्यायच्या बुडाखाली निजून राहिली. बापानं वेल्डिंगचा चष्मा डोळ्यावर चढवला तेव्हा मी दहावी नापास होती. आज या दोन हातांवर पोळल्याचे डाग मोजायचे म्हटलं तं सकाळची संध्याकाळ होईन.

आमच्या लाईनीत एक रीत आहे. कुठं लिहून ठेवली नाही, पण सारे पाळतात. इंजिनचं काम करणारा तो उस्ताद. त्याले खुर्ची, त्याले कूलर, त्याले 'या जी, बसा जी'. गिअरवाला त्याच्या खाली, पेंटर त्याच्या खाली, अन् सायलेन्सरवाला सगळ्यात शेवटी, गल्लीच्या मागच्या अंगाले, जिथं नालीचं पाणी साचते. त्यात बाई असली तं विचारूच नका. ज्यानं गाडीचं थोबाड पाहिलं तो मोठा अन् ज्यानं बूड पाहिलं तो लहान, एवढं सोपं आहे ते.

तं ही गोष्ट रविंद्र सरच्या लाल गाडीची. सर सक्करदऱ्याले राहतात. समोरच्या खोलीत त्यायनं सारा जन्म गणिताच्या शिकवण्या घेतल्या अन् लुना चालवली. पण आठवीत असताना कंपासपेटीच्या झाकणाच्या आतून एका विदेशी गाडीचं चित्र चिकटवलं होतं, लाल, दोन दरवाज्याची. साठी उलटल्यावर त्याच कंपनीची, तशीच लाल गाडी घेतली, सोळा वर्षं जुनी, तिसऱ्या हातची. रोज सकाळी तळ्याले एक चक्कर मारायची अन् घरी येऊन फडक्यानं पुसायची. शेजारच्या सीटवर कौसल्याबाई, त्यायच्या मंडळी, डोक्यावरचा पदर दातात धरून. पावसाळ्यात दोघांनी त्याच गाडीनं चिखलदऱ्याले जायचं, असं ठरलं होतं. लग्नाले पस्तीस वर्षं झाली तरी सरनं बायकोले कुठं नेलं नव्हतं.

मे महिन्यात एका बुधवारी सर गाडी घेऊन माझ्याकडं आले. म्हणाले, "ताई, खालून खळखळ आवाज येऊन राहिला. अन् चढावर गाडी दमते."

मी खाली शिरली. पाइपाच्या मधात एक डबा असते, आम्ही त्याले कॅट म्हणतो. त्याच्या पोटात मधमाशीच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी असते, धूर साफ करायले. मी डब्यावर मुठीनं ठोकलं तं आत सुपारीचे खांड वाजावे तसं वाजलं. मग मागं गेली. त्या गाडीले शोभेची चार नळकांडी. गाडी चालू ठेवून एकेकापुढं फडकं धरलं. फडकं उडायले पायजे होतं. ते वाळत घातल्यासारखं लटकून राहिलं.

"सर," मी म्हटलं, "जाळी म्हातारी होऊन तुटली. तिचेच तुकडे तिच्या तोंडात अडकले. धुराले बाहेर जायले वाट नाही. वाट नाही तं तो गरम धूर इंजिनातच कोंडून राहीन, व्हॉल्व जळतीन, अन् एखादवेळी हे चिनीमातीचे कण उलटे आत ओढले जातीन. मग इंजिन गेलंच समजा. नवा डबा सोमवारी येते. सोमवारी मी हे कापून काढते. तोवर तळ्याची चक्करसुद्धा नका मारू."

सर गणिताचे माणूस. त्यायले लगेच समजलं. "सोमवारी आणतो," म्हणाले, अन् चाळीसच्या वर न जाता घरी गेले. गोष्ट इथंच संपायले पायजे होती.

पण सरले एक खोड आहे, ते कोणाले नाही म्हणत नाहीत. रस्त्यात गोलू उस्ताद भेटले. गोलू उस्ताद म्हणजे पूर्व नागपुरातले इंजिनचे सगळ्यात मोठे मिस्त्री. त्यायच्या गॅरेजात काचेचं कपाट आहे अन् त्यात पान्हे नाहीत, सत्काराच्या सात शाली आहेत. सरनं भोळेपणानं सांगितलं की इंदुताई म्हणते, सायलेन्सरपायी इंजिन जाईन. झालं. उस्ताद घरी जेवायले न जाता सरळ माझ्या दुकानात आले.

"काय वं इंदुताई, आता इंजिनाचं निदान तू करून राहिली काय?"

"मी सायलेन्सरचं केलं. इंजिन त्याले जोडलेलं निघालं, त्याले मी काय करू?"

"सायलेन्सर म्हणजे शेपटी. शेपटी म्हातारी झाली म्हणून बैल मरते काय?"

आता मले राग आला. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असते, साऱ्या नंदनवनाले माहीत आहे. मी म्हटलं, "उस्ताद, शेपटी नाही ते. शेपटीच्या खालचं आहे. तुम्ही आठ दिवस ते बंद ठेवून पाहा, मग मले येऊन सांगजा, डोक्यावर परिणाम होते का नाही."

चहावाला हसला. उस्ताद हसले नाहीत. माणूस हरला की चिडते, अन् बाईसमोर हरला की सभा बोलावते.

सभा बोलावणारे तयारच होते. आपल्या शहरात एक स्पोर्ट्स कार मंडळ आहे. सभासद अकरा, गाडी एक, म्हणजे सरची. बाकीच्या दहा जणांकडं त्या गाडीबद्दल मतं आहेत. अध्यक्ष रामाजी साहेब, निवृत्त इंजिनिअर. सारा जन्म त्यायनं कालवे बांधले. त्यातल्या कोणत्या कालव्यात पाणी आलं हे मले माहीत नाही. रामाजी साहेबांनी ठरवलं, रविवारी सकाळी सदर भागातल्या सभागृहात परिसंवाद घ्यायचा. विषय: 'जुन्या सायलेन्सरमुळे इंजिनास हानी पोहोचते काय? एक विचारमंथन.' गाडी सभागृहाच्या पोर्चमध्ये उभी राहीन.

शुक्रवारी साहेब स्वतः माझ्या दुकानात आले. नाकाले रुमाल लावून, पण आले.

"इंदुताई, या निमित्तानं मंडळानं आपला सत्कार करायचं ठरवलं आहे. शाल आणि श्रीफळ."

मी हातातला ग्राइंडर बंद केला. "माझा?"

"तीस वर्षांच्या सेवेबद्दल. फक्त एक लक्षात असू द्या. सत्कारमूर्तीनं बोलायची पद्धत नसते. बोलणारे वेगळे आहेत."

आता खरं सांगते. मी त्याच वेळी म्हणायले पायजे होतं, की साहेब, ज्या विषयाचं मले एकटीले समजते त्यावर मी बोलायचं नाही अन् कालवेवाल्यानं बोलायचं, हे कोणतं मंथन? पण माझ्या डोळ्यासमोर गोलू उस्तादाचं काचेचं कपाट आलं. सात शाली. माझ्या बापाले मरेपर्यंत एक भेटली नाही. मी म्हटलं, "किती वाजता येऊ?"

तरी शनिवारी सरले फोन केला. "सर, गाडी नेऊ नका. अन् न्यायचीच तं ढकलत न्या." सर म्हणाले, "ताई, पत्रिका छापून झाली. फक्त उभी ठेवायची आहे." उभी ठेवायची म्हटल्यावर मी फोन ठेवला.

रविवारी अकरा वाजता पारा चव्वेचाळीसच्या वर. गाडी पोर्चमध्ये, हिरव्या चटईवर. तिच्या समोरच्या जाळीले मनगटाएवढा जाड झेंडूचा हार लोंबवला होता. हवा आत जायची जागा हारानं बंद, अन् धूर बाहेर जायची जागा म्हातारपणानं बंद. मी हाराले हात लावला तं सूत्रसंचालन करणारी वैभवी धावत आली. चांगली पोरगी आहे, पण माइक हातात आला की वेगळीच होते. "काकू, हार पाहुण्यांच्या हस्तेच काढायचा आहे."

मग वैभवीनं जाहीर केलं की मंडळ काळाबरोबर चालते, म्हणून आज दीपप्रज्वलन नाही. प्रमुख पाहुणे गाडी सुरू करतील, अन् तोच आपला दीप. प्रमुख पाहुणे एका कॉलेजचे प्राचार्य होते. त्यायनं किल्लीले हळद-कुंकू लावलं, लाल धागा बांधला, अन् फिरवली. गाडी गुरगुरली. टाळ्या पडल्या. सर पुढं होऊन किल्लीकडं हात नेऊन राहिले होते, तेवढ्यात रामाजी साहेबांनी त्यायचा खांदा दाबला.

"सर, लावलेला दिवा मध्येच विझवतात काय? अपशकुन. आभारप्रदर्शन होईपर्यंत गाडी बंद करू नये."

सरनं माझ्याकडं पाहिलं. मी सरकडं पाहिलं. मग आम्ही दोघं आत जाऊन आपापल्या खुर्चीवर बसलो. मी मंचावर, खिडकीच्या बाजूले, शेवटच्या खुर्चीत. खिडकीखालीच पोर्च होतं.

प्रास्ताविक झालं. स्वागत झालं. स्वागताबद्दल स्वागत करणाऱ्याचं स्वागत झालं. मग प्राचार्य उठले. त्यायनं सायलेन्सरपासून सुरू केलं अन् पाच मिनिटात मौनाचं महत्त्व, तिथून ऋषिमुनी. रामाजी साहेब पाण्याच्या प्रवाहावर बोलले. म्हणाले, "कालवा शेवटी फुटला तरी धरणाला काही होत नाही, हा माझा अनुभव आहे." हा त्यायचा अनुभव होता, हे मी मानते. गोलू उस्ताद बोलले ते कमी, पण बैलाची शेपटी त्यायनं सोडली नाही. सभागृह खूप हसलं.

इकडं खिडकीखाली वेगळाच कार्यक्रम सुरू होता. मंडळाचे सभासद एकेक करून बाहेर जात, गाडीत बसत, फोटो काढत, अन् फोटो चांगला यावा म्हणून अ‍ॅक्सिलेटर दाबत. एक उतरला की दुसरा. खळखळ, खळखळ. मी आवाज मोजत होती. धागा बांधलेली किल्ली त्या प्रत्येकाच्या गुडघ्याजवळ होती.

बारा वाजता सडक्या अंड्याचा वास आला. तो त्या डब्याचाच वास, माझ्या नाकाले पाठ आहे. पण पहिल्या रांगेतल्या एका काकांनी वैभवीले बोलावून विचारलं की जेवणात अंडी आहेत काय, पत्रिकेत तं शुद्ध शाकाहारी लिहिलं आहे. वैभवी स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याले बोलून आली. त्या गरिबानं साऱ्या गंजांची झाकणं काढून दाखवली.

साडेबाराले एक सभासद बाहेरून धावत आला अन् त्यानं रामाजी साहेबांच्या कानात काही सांगितलं. साहेबांचा चेहरा उजळला. त्यायनं माइक घेतला.

"मित्रहो, एक आनंदाची बातमी. आत्ताच कळलं की गाडीच्या डॅशबोर्डवर आपोआप एक लाल दिवा लागला आहे. म्हणजे गाडीनं स्वतःच दीपप्रज्वलन केलं."

सारे उभे राहून टाळ्या वाजवायले लागले. मले हसावं का रडावं समजेना. तो दिवा इंजिन तापल्याचा असते. गोलू उस्तादाले हे माहीत नाही असं होऊच शकत नाही. ते खुर्चीत चुळबुळले, दाराकडं पाहिलं, मग माइककडं पाहिलं, अन् टाळ्या वाजवल्या. उठून गेले असते तं त्यायचंच भाषण खोटं पडलं असतं.

मग ठराव आला. 'जुन्या सायलेन्सरमुळे इंजिनास कोणताही धोका नाही, असे हे सभागृह एकमताने जाहीर करते.' हात वर झाले. सरचा हात खांद्यापर्यंत आला अन् तिथंच राहिला. रामाजी साहेब म्हणाले, "सत्कारमूर्ती इंदुताईही सहमत आहेत, असं मी समजतो." अन् माझ्याकडं पाहून हसले. तीस वर्षं ज्या तोंडानं मी साऱ्या मिस्त्र्यायले गप्प केलं, ते तोंड मी माझ्या हातानं बंद ठेवलं. वैभवी ट्रे घेऊन उभी होती. त्यात मरून रंगाची शाल, काठाले जरी.

"आणि आता," वैभवी म्हणाली, "ज्यांनी गाड्यांच्या मागे राहून समाजाला पुढे नेलं, अशा इंदुताई."

मी उठली. अन् त्याच वेळी खिडकीखालची खळखळ थांबली.

ते थांबणं चांगलं नसते. खळखळ म्हणजे तुकडे हालून राहिले. थांबली म्हणजे ते एका जागी बसले, वाट पुरी बंद झाली. मग आवाज कोंडला, दमेकऱ्याले उबळ यावी तसा. मग टक, टक, टक. मले त्या प्रत्येक टकटकीचा अर्थ माहीत होता. अजून एक मिनिट होतं. 'किल्ली फिरवा' एवढे दोन शब्द माझ्या जिभेवर होते. ओरडली असती तं काही ना काही वाचलं असतं.

पण प्राचार्यांनी शाल उघडली होती. ओरडली असती तं सारे बाहेर धावले असते, अन् शाल ट्रेमध्ये राहिली असती. मी मान खाली केली. शाल खांद्यावर पडली. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. अन् त्या टाळ्यायच्या खाली गाडी दोन आचके देऊन बंद पडली.

"पाहा," रामाजी साहेब घड्याळ पाहून म्हणाले, "बरोबर आभाराच्या वेळेला बंद केली. याला म्हणतात शिस्त."

पुढचं तुम्हाले समजलंच असन. जेवणं झाल्यावर सरनं किल्ली फिरवली तं गाडीनं हूं की चूं केलं नाही. उस्तादानं बॉनेट उघडलं अन् लगेच लावलं. बैल गेला अन् झोपा केला, म्हणून दुसऱ्या दिवशी मंडळानं शोकसभेसारखी एक बैठक घेतली, त्यात उन्हाले दोष दिला. पंधरा दिवसांनी उस्ताद माझ्या दुकानात आले. या वेळी उभेच राहिले. वर्तमानपत्राची पुडी माझ्यापुढं उघडली. त्यात पांढरे, खरबरीत कण होते.

"सिलिंडरात भेटले," ते खाली पाहून म्हणाले. "व्हॉल्व जळले. सिलिंडर चिरले. काही उरलं नाही, ताई. तू बोलली होतीस ते..." अन् पुडी परत बांधायले लागले. मले वाटलं होतं हे ऐकून बरं वाटन. काहीच वाटलं नाही.

मग परवा सर आले. लुनावर. माझ्या स्टुलावर बसले, पाणी प्यायले, रुमालानं तोंड पुसलं.

"ताई, एक विचारू? तुम्ही खिडकीजवळ बसल्या होत्या. गाडीचा आवाज बदलला, तो तुम्हाले आला नाही काय?"

मी खोटं बोलत नाही. माझ्या तोंडापायी दुकानदारीत लय तोटा झाला, पण खोटं बोलली नाही. त्या दिवशी बोलली.

"नाही सर. टाळ्या वाजून राहिल्या होत्या ना."

सरनं माझ्या हाताकडं पाहिलं, त्या डागांकडं.

"मले आला होता," ते म्हणाले. "रोज तळ्यावर ऐकतो ना तिले. मी उठूनच राहिलो होतो. पण मग पाहिलं तं प्राचार्य शाल उघडत होते. तुमच्या तीस वर्षांत पहिली शाल. म्हटलं, आता उठलो तं सारे माझ्यामागं धावतीन अन् ताईचा सत्कार तसाच राहीन." ते थोडं हसले. "म्हणून बसलो. टाळ्या वाजवल्या. चिखलदऱ्याचं काय, एसटी जाते तिथं. कौसल्याले मी सांगितलं आहे."

मले माझी इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. मी टेबलावरचा वेल्डिंगचा चष्मा उचलला अन् डोळ्यावर चढवला. सर म्हणाले, "चाला, तुमचं काम असन," अन् उठून लुनाले पायडल मारायले लागले.

त्या दिवशी दुकानात वेल्डिंगचं काहीच काम नव्हतं.